डॉक्टर डूम सिंहासनावर बसत नाही, मदत हवी आहे

हिरवाझगा:
मार्व्हल कॉमिक्समधल्या या खलनायकाची फिगर, म्हणजे सांधे हलणारी छोटी मूर्ती, कालच आली. मुखवट्यावरचे खिळेसुद्धा वेगळे रंगवलेत, चिलखताच्या सांध्यांवर काळी छटा दिलीय, बघत राहावं असं काम. पण मांडी पुढे उचलली की थोडी येते आणि सोडली की परत खाली. हाताची घडीही होत नाही. मोडेल म्हणून जोर लावला नाही. काय करू? आजच शेल्फवर लावायचाय.

चौकस:
उंची किती? आणि अडतंय नक्की कुठे?

हिरवाझगा:
सहा इंची. कमरेत अडतंय, लिहिलंय की वर.

जुनासंग्राहक:
सांधे जाम असणार. शिवणयंत्राचं तेल सोडा, मी नेहमी तेच वापरतो.

चौकस:
अहो, नका सांगू असं. खनिज तेलाने काही प्लास्टिकला तडे जातात. घालायचंच तर सिलिकॉन तेल.

जुनासंग्राहक:
माझ्या एकाही फिगरला तडा गेलेला नाही.

पानपलट्या:
डूम १९६२ साली 'फँटॅस्टिक फोर' कॉमिकच्या पाचव्या अंकात आला. चिलखतावर हिरवा अंगरखा आणि झगा, चित्रकार जॅक कर्बीची ती रचना आजही तशीच टिकून आहे.

चौकस:
@हिरवाझगा, अंगरखा कापडी की प्लास्टिकचा?

हिरवाझगा:
प्लास्टिकचा, मांड्यांवर झालरीसारखा.

चौकस:
मग सांध्याचा दोष नाही. सांधा जाम असता तर पाय हललाच नसता. तुमचा हलतो आणि परत येतो, म्हणजे झालर त्याला ढकलतेय. झालर कढत पाण्यात मिनिटभर धरा, मऊ झाली की फिगर बसवा आणि तशीच गार पाण्यात बुडवा. बसल्या आकारातच घट्ट होईल.

जुनासंग्राहक:
त्यापेक्षा बाजूने चीर द्या.

पानपलट्या:
नवी फिगर कापायची? मुळीच नको!

हिरवाझगा:
दोनदा करावं लागलं, पण बसला! पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर. मनापासून आभार. आता हाताची घडी?

चौकस:
दंड छातीसमोर ओढा. खांद्याच्या आतला भागही पुढे सरकतो का?

हिरवाझगा:
नाही, फक्त दंड फिरतो.

चौकस:
मग खांदा पुढे सरकवणारा बटरफ्लाय जॉइंट नाही, घडी होणार नाही. ओढू नका, खुंटी तुटेल. एक हात सिंहासनाच्या हातावर ठेवा आणि दुसऱ्याची मूठ हनुवटीखाली. कोपर दुहेरी, म्हणजे दोन ठिकाणी वाकणारं असेल तर पोचेल.

हिरवाझगा:
पोचली.