गुंतवणुकीसाठी पहिले घर: नवखे खरेदीदार नेमके कोठे अडकतात? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

उंबरठ्यावर

राहते घर स्वतःचे आहे आणि त्यावरचे कर्ज फिटले आहे. आता हाती असलेल्या शिलकीतून, भाड्याने देण्याच्या उद्देशाने, एक लहान सदनिका घ्यावी असा विचार आहे. जाहिराती वाचल्या, दलालांशी बोललो. पण जितकी माहिती वाढते आहे, तितका निर्णय लांबणीवर पडतो आहे. एक जण सांगतो की ठिकाण चांगले असेल तर बाकी काही पाहू नका. दुसरा सांगतो की भाड्याचा परतावा पाहा, ठिकाण दुय्यम आहे. किमतीच्या ८० टक्के कर्ज मिळेल असे बँकेने तोंडी सांगितले आहे, आणि दलालाचे म्हणणे असे की हप्ता भाडेकरूच भरेल, तुम्हाला फक्त सुरुवातीची रक्कम घालायची आहे. हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की आता त्याचाच संशय येऊ लागला आहे. पहिल्यांदा अशी खरेदी करणाऱ्यांची अडचण नेमकी कोठे होते आणि सर्वांत आधी काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ताळेबंद

आपला संशय रास्त आहे, आणि तो कागदावर मांडून पाहता येतो. घराची किंमत १०० धरा. त्यातले २० आपले आणि ८० बँकेचे. व्याजदर ८ टक्के आणि मुदत २० वर्षे असेल, तर वर्षभराचे हप्ते सुमारे ८ होतात. वर्षाचे भाडे किमतीच्या ५ टक्के, म्हणजे ५ मिळते असे समजू. दोन भाडेकरूंच्या मध्ये घर वर्षाकाठी सरासरी एक महिना रिकामे राहिले, तर हाती ४.६ येतात, आणि त्यातून कर, विमा, सामाईक देखभाल व किरकोळ दुरुस्ती यांसाठी सव्वा गेला, तर उरतात सुमारे ३.३. म्हणजे दरवर्षी ४.७ आपल्या खिशातून जाणार. ज्या माणसाने २० घातले, त्याला त्याच्या जवळजवळ पाव हिश्शाएवढी रक्कम दरसाल पुन्हा घालावी लागते, आणि ही गोष्ट दलालाच्या वाक्यात कोठेही येत नाही.

याच आकड्यांवर उलट हिशेब केला, तर भाड्यातून हप्ता पूर्णपणे निघण्यासाठी कर्ज किमतीच्या साधारण एक तृतीयांश एवढेच असायला हवे. भाड्याचे प्रमाण जास्त असेल किंवा व्याज कमी असेल तर ही मर्यादा वर सरकते. पण ती कोठे आहे हे पाहिल्याशिवाय कर्जाची रक्कम ठरवू नये. बँक किती देते हा बँकेच्या जोखमीचा प्रश्न आहे. आपल्याला किती झेपेल याचे उत्तर त्यात शोधू नये.

आणखी दोन बाबी नवख्यांच्या नजरेतून निसटतात. पहिली अशी की सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचाच भाग मोठा असतो: वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी भरलेल्या ८ पैकी ६.३ व्याजात जातात, आणि निम्मी मुदत संपल्यावरही मूळ कर्जाच्या ६९ टक्के रक्कम शिल्लक असते. त्यामुळे पाच-सहा वर्षांत विकून मोकळे होऊ, असे म्हणणाऱ्याने तोवर मुद्दल किती फिटलेले असेल ते आधी पाहावे. दुसरी बाब बदलत्या व्याजदराची. दर ८ वरून १० टक्क्यांवर गेला आणि मुदत तीच ठेवली, तर हप्ता सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. भाडे मात्र करारात ठरले असेल तेवढेच राहते.

दस्तऐवज

ताळेबंद यांच्या हिशेबाशी मी सहमत आहे, परंतु तो हिशेब घर निर्वेध असल्याचे गृहीत धरतो. माझ्या व्यवसायात असे खरेदीदार बरेच भेटतात, ज्यांनी परताव्याचा दशांशापर्यंत विचार केलेला असतो आणि विकणाऱ्याला ती मिळकत कोणाकडून व कशी मिळाली हे मात्र विचारलेले नसते. वारशाने आलेली मिळकत असेल तर सर्व वारसांची संमती आहे का, मिळकतीवर गहाण किंवा अन्य बोजा आहे का, कर आणि सामाईक शुल्क थकलेले आहे का, जुना भाडेकरू आत असल्यास त्याचा करार कधी संपतो, प्रत्यक्ष बांधकाम मंजूर आराखड्याप्रमाणे आहे का आणि ते घर भाड्याने देण्यास इमारतीच्या नियमांत काही आडकाठी आहे का, या प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळाल्याशिवाय विसार देऊ नये. वकील स्वतः निवडावा. विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचवलेला नको.

बँक कागदपत्रे तपासते, तेव्हा वेगळा खर्च कशाला, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. बँक आपले कर्ज सुरक्षित आहे का एवढेच पाहते. शिवाय तिची वसुली केवळ घरावर अवलंबून नसते, आपले उत्पन्नही तिने मोजलेले असते.

इमारतीची पाहणीही जाणकाराकडून करून घ्यावी. रंग नवा असेल तर ओल कोठे दिसते हे विशेष पाहावे. छप्पर, पाण्याच्या वाहिन्या, वीजजोडणी आणि उद्वाहक यांचे आयुष्य किती उरले आहे हे विचारावे, कारण दोन-तीन वर्षांत येऊ घातलेला मोठा सामाईक खर्च खरेदीच्या किमतीत दिसत नाही.

मंदगती

घरांच्या किमती शेवटी वाढतातच, या समजुतीबद्दल थोडे लिहितो. ॲमस्टरडॅममधल्या हेरेनग्राख्त कालव्याकाठच्या घरांच्या १६२८ ते १९७३ या काळातील विक्रीच्या नोंदींवरून डच अर्थतज्ज्ञ पीट आयखहोल्ट्झ यांनी किमतींचा निर्देशांक तयार केला. महागाई वजा केल्यावर जवळजवळ साडेतीन शतकांत त्या किमती जेमतेम दुप्पट झाल्याचे त्यात दिसते, आणि तेही शहराच्या प्रतिष्ठित भागात. मधल्या काळात मोठे चढ आणि मोठे उतार होते, म्हणजे कोणी कधी घेतले यावर बरेच काही अवलंबून होते. प्रत्येक ठिकाणी असेच घडेल असे माझे म्हणणे नाही. मात्र महागाई वजा न करता सांगितलेली वाढ ऐकून भारावून जाऊ नये.

कर्ज ८० टक्के असेल तर किंमत केवळ १० टक्क्यांनी उतरली तरी आपल्या वाट्याचे २० निम्म्यावर येतात. विकावेच लागले तर त्यातून विक्रीचा खर्चही जायचा. किंमत वाढली तर हेच गणित आपल्या बाजूने चालते, म्हणून लोकांना ते आवडते.

उंबरठ्यावर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमच्या आकड्यांवर हिशेब केला आणि ८० टक्के कर्जाचा विचार सोडून दिला. दोन शंका उरल्या आहेत. बांधकाम चालू असलेली जागा स्वस्त पडते, तिचा विचार करावा का? आणि हाती किती रक्कम राखून ठेवावी?

ताळेबंद

पहिल्या खरेदीसाठी मी तयार घरच सुचवेन. बांधकाम चालू असताना भाडे येत नाही, दिलेल्या रकमेवर व्याज मात्र सुरू असते, आणि ताबा वर्षभर लांबला तर सवलतीचा मोठा भाग त्या व्याजातच जातो. तयार घराचे शेजारीपाजारी, पाण्याची स्थिती आणि त्या इमारतीतली खरी भाडी आजच पाहता येतात. जाहिरातीत मागितलेले भाडे आणि प्रत्यक्षात ठरलेले भाडे यांत फरक असतो, म्हणून तेथे राहणाऱ्या दोन-तीन भाडेकरूंशी बोलावे.

राखीव रकमेबाबत माझे मत थोडे कडक आहे. घर रिकामे आहे असे समजून किमान सहा महिन्यांचे हप्ते व इतर खर्च भागतील एवढी रक्कम, आणि एका मोठ्या दुरुस्तीपुरती वेगळी रक्कम, खरेदीनंतरही हाती उरली पाहिजे. नोंदणी, मुद्रांक, वकील आणि दलाली यांचा खर्च भागवून मग ही शिल्लक मोजावी; बहुतेकांची राखीव रक्कम तेथेच संपते. घर काही मुदत ठेव नव्हे, की गरज पडली म्हणून त्यातला थोडासा भाग मोडता येईल.

दस्तऐवज

एक पुरवणी. भाडेकरू निवडण्याची घाई करू नका. रिकाम्या घराचा एक महिना वर्षाच्या भाड्याचा सुमारे ८ टक्के भाग खातो, हे खरे आहे. पण भाडे थकवून घर न सोडणाऱ्या भाडेकरूमुळे याहून कितीतरी अधिक नुकसान होते आणि त्यात कायदेशीर खर्चाची भर पडते. उत्पन्नाचा पुरावा आणि आधीच्या घरमालकाचा अभिप्राय घ्यावा, करार लेखी करावा, आणि ताबा देताना घरातील वस्तूंची यादी छायाचित्रांसह दोघांच्या सहीने करून ठेवावी.