टेलेमेट्री रेडिओचा हिरवा दिवा स्थिर, तरीही ‘नो हार्टबीट’

सुदामानगर, इंदूर
नमस्कार मंडळी. क्वाडकॉप्टरवर (चार पंख्यांच्या ड्रोनवर) उड्डाण सांभाळणारा पिक्सहॉक २.४.८ बोर्ड आहे, त्यात आर्डुकॉप्टर ४.५ हे फर्मवेअर. टेलेमेट्रीसाठी (ड्रोनची माहिती बिनतारी लॅपटॉपवर आणण्यासाठी) ४३३ मेगाहर्ट्झ, १०० मिलिवॅटची सिक रेडिओची जोडी. ड्रोनवरचा रेडिओ पिक्सहॉकच्या टेलेम १ पोर्टला, दुसरा लॅपटॉपच्या यूएसबीला. दोन्हींचा हिरवा दिवा न लुकलुकता पेटून राहतो, पण लॅपटॉपवरच्या मिशन प्लॅनर प्रोग्रॅममध्ये कनेक्ट केलं की थोड्या वेळाने ‘नो हार्टबीट पॅकेट्स रिसीव्हड’ येतं, म्हणजे ड्रोनचा ‘मी चालू आहे’ हा नियमित संदेशच मिळत नाही. पिक्सहॉक थेट यूएसबीने जोडला तर सगळं व्यवस्थित. अँटेना बदलून पाहिल्या, नेट आयडी (रेडिओच्या जोडीचा सामाईक क्रमांक) दोन्हीकडे २५ आहे. सोबतची केबल कनेक्टरमध्ये बसत नव्हती म्हणून चार तारांची लावली आहे. पॅरामीटर फाइल आधीच्या दुसऱ्या ड्रोनची चढवली आहे. नवा रेडिओ घ्यावा का?

राजवाडा, इंदूर
मुळीच घेऊ नका. हिरवा दिवा स्थिर आहे म्हणजे दोन्ही रेडिओ एकमेकांशी जुळलेत. तो लुकलुकत असता तर नेट आयडी, एअर स्पीड (रेडिओंमधला डेटाचा वेग), दोन्हीकडचं फर्मवेअर तपासायचं होतं. त्यामुळे अँटेनांचा नाद आता सोडा. बिघाड एकतर लॅपटॉप आणि खालच्या रेडिओमध्ये आहे, नाहीतर वरच्या रेडिओ आणि पिक्सहॉकमध्ये.

पहिला भाग लगेच निकालात निघतो. ‘कनेक्ट’ न दाबता सेटअपमधल्या सिक रेडिओच्या पानावर जा, योग्य कॉम पोर्ट आणि ५७६०० बॉड (डेटाचा वेग) निवडा, ‘लोड सेटिंग्ज’ दाबा. पोर्ट कोणता ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये रेडिओ काढून-लावून ओळखा, कारण ब्लूटूथचे पोर्टही त्याच यादीत असतात. ११५२०० हा थेट यूएसबीसाठीचा बॉड, रेडिओसाठी नाही. लोकल (लॅपटॉपचा रेडिओ) आणि रिमोट (ड्रोनवरचा) दोन्ही रकाने भरले, तर लॅपटॉपपासून ड्रोनवरच्या रेडिओपर्यंत सगळं ठीक आहे. रिमोटची माहिती हवेतूनच येते. मग दोष उरतो तो शेवटच्या वीतभर केबलमध्ये किंवा पिक्सहॉकच्या सेटिंगमध्ये.

आता प्रोपेलर काढून ठेवा, यूएसबी काढा, बॅटरी लावा आणि ड्रोनवरच्या रेडिओचा लाल दिवा बघा. पिक्सहॉक कोणी विचारो न विचारो, सेकंदाला एक हार्टबीट पाठवतो. लाल दिवा लुकलुकत नसेल तर हार्टबीट रेडिओपर्यंत पोचत नाहीये.

टेलेम १ च्या सहा पिना अशा: ५ व्होल्ट, टीएक्स (डेटा पाठवायची), आरएक्स (डेटा घ्यायची), सीटीएस, आरटीएस (या दोन ‘पाठव-थांब’ इशाऱ्यांच्या), ग्राउंड. पिक्सहॉकचा टीएक्स रेडिओच्या आरएक्सला आणि उलट. तारेच्या रंगावर विसंबू नका, मल्टिमीटरने पहिल्या आणि सहाव्या पिनेत ५ व्होल्टच्या आसपास येतात का ते पाहून मगच रेडिओ लावा. टीएक्स-आरएक्स उलटले तर फक्त काम होत नाही, पण ५ व्होल्ट आणि ग्राउंड उलटले तर रेडिओ जळतो.

यूएसबीने जोडून तीन पॅरामीटर बघा. सिरियल१_प्रोटोकॉल २ हवा, सिरियल१_बॉड ५७. तिसरा बीआरडी_सेर१_आरटीएससीटीएस, आणि माझा संशय यावरच आहे. तो १ असेल तर पिक्सहॉक सीटीएसच्या तारेवर ‘पाठव’ असा इशारा मिळेपर्यंत थांबतो. तुमच्या चार तारांत सीटीएसच नाही, म्हणजे तो इशारा येणार कुठून? सध्या ० करा, बोर्ड रीबूट करा. रीबूटशिवाय बदल लागू होत नाही.

दांडिया बाजार, बडोदे
वर सांगितलेलं बरोबर आहे. तरीही जमलं नाही तर रेडिओ निर्दोष आहे हे सिद्ध करायची एक चाचणी सांगतो. वरचा रेडिओ पिक्सहॉकपासून सोडवा, त्याला बाहेरून ५ व्होल्ट द्या आणि त्याच्याच टीएक्स व आरएक्स पिना तारेच्या तुकड्याने जोडा. लॅपटॉपवर कोणताही टर्मिनल प्रोग्रॅम ५७६०० ला उघडा, लोकल एको (टाइप केलेलं प्रोग्रॅमने स्वतःच दाखवणं) बंद ठेवा, अक्षरं टाइप करा. तीच अक्षरं परत दिसली तर दोन्ही रेडिओ शाबूत. अँटेना लावल्याशिवाय मात्र रेडिओला कधीच वीज देऊ नका, पॉवर अँप्लिफायर जाऊ शकतो.

सुदामानगर, इंदूर
दोन्ही रकाने भरले. लाल दिवा बंद होता, सेर१ चं मूल्य १ निघालं. ० केल्यावर हार्टबीट आला. पण पॅरामीटर उतरताना मध्येच अडकतात आणि नकाशावर ड्रोन धक्के घेत सरकतो. दोन्ही रेडिओ एकाच टेबलावर आहेत.

राजवाडा, इंदूर
शून्याने रोग सापडला, पण तो कायमचा इलाज नव्हे. आता पिक्सहॉकला थांबवणारं कोणी नाही, त्यामुळे रेडिओचा बफर (डेटा साठवायची तात्पुरती जागा) भरला की पुढचा डेटा वाया जातो. सहा तारांची केबल करून घ्या आणि मूल्य २ म्हणजे ऑटो ठेवा. रेडिओच्या सेटिंगमध्ये मॅव्हलिंक (ड्रोन आणि लॅपटॉपच्या संदेशांची भाषा) याचं मूल्य १ आहे का तेही पाहा. ते ० असेल तर रेडिओ आपल्या बफरची स्थिती पिक्सहॉकला कळवतच नाही. कळवत असेल तर पिक्सहॉक आपण होऊन वेग कमी करतो. एअर स्पीड ६४ असू द्या, ईसीसी (चुका दुरुस्त करायची सोय) बंद ठेवा, कारण ईसीसीने उपयोगी डेटा निम्म्यावर येतो. मिशन प्लॅनरमधले टेलेमेट्री रेट २ ते ४ हर्ट्झ पुरेत.

दांडिया बाजार, बडोदे
आणि रेडिओ निदान दोन-तीन मीटर लांब ठेवा, अगदी जवळ ठेवले तर रिसीव्हर गुदमरतो. मग आरएसएसआय (सिग्नलची ताकद) आणि नॉईझ (गोंगाट) वाचा. आकड्याला १.९ ने भागून १२७ वजा केले की डीबीएम मिळतात: १०० म्हणजे साधारण उणे ७४, ५० म्हणजे उणे १०१. दोन्हींतल्या प्रत्येक ६ डीबी फरकाने मोकळ्या जागेत अंतर दुप्पट मिळतं. फक्त रिमोट नॉईझ जास्त असेल तर गोंगाट ड्रोनवरच आहे. बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट), कॅमेरा, ईएससीच्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटच्या) तारा यांच्यापासून अँटेना दूर न्या आणि दोन्हीकडे उभी ठेवा.

कोणी ९१५ मेगाहर्ट्झची जोडी सुचवली तर घेऊ नका, तो पट्टा आपल्याकडे परवानामुक्त नाही. आणि उड्डाणाची चाचणी सुपर कॉरिडॉरवर करायचा विचार असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोनच्या हवाई क्षेत्राचा नकाशा उघडा, विमानतळ तिथून जवळ आहे.

सुदामानगर, इंदूर
सहा तारांची केबल लावली, मूल्य २ केलं. रेडिओत मॅव्हलिंक ० होतं, ते दोन्हीकडे १ केलं. रेडिओ दोन खोल्यांत ठेवून पाहिलं, सगळे पॅरामीटर एका दमात उतरले. रिमोट नॉईझ अजून लोकलपेक्षा जास्त येतो, अँटेना बक कन्व्हर्टरला चिकटून आहे. ती मागच्या आर्मवर हलवून आकडे टाकतो.