अमेरिकी तुरुंगांतली वांशिक दरी घटतेय?

प्रश्न: पेपरसाठी वाचतेय. 2000 नंतर कृष्णवर्णीय आणि गोऱ्या कैद्यांमधली तफावत कमी झाली म्हणतात. कशामुळे?

उत्तर १: 1986 च्या कायद्यात 5 ग्रॅम क्रॅक (कोकेनचे ओढायचे खडे) विकताना सापडलं की किमान 5 वर्षं कैद. तेवढ्याच शिक्षेला पावडर कोकेन मात्र 500 ग्रॅम लागे! क्रॅकमध्ये अडकत ते बहुतेक कृष्णवर्णीय. 2010 मध्ये वजनांचं हे प्रमाण 100:1 चं 18:1 झालं. सरळ 1:1 का नाही, ते खासदारांनाच ठाऊक.

उत्तर २: तो फेडरल, म्हणजे केंद्राचा, कायदा झाला. बहुसंख्य कैदी राज्यांच्या तुरुंगांत असतात, आकडे तिथले बघ.

प्रश्नकर्ती: आणि म्हातारे कैदी का वाढलेत?

उत्तर १: लांबलचक शिक्षा, दुसरं काय! तरुणपणी आत गेलेले आतच पिकले. फेडरल गुन्ह्यांना तर नोव्हेंबर 1987 पासून पॅरोलच (शिक्षा संपायच्या आधी अटींवर सुटका) नाही.