सागवानी खुर्ची तिसऱ्यांदा डगमगली, आता गोंद कोणता लावू?

पागोळी:
सासऱ्यांच्या वेळची हातांची खुर्ची आहे, सागवानी. मागच्या उजव्या पायात बाजूची आडवी पट्टी बसते, तो सांधा सुटतो. दोनदा मीच पांढरा गोंद ओतून दाबून ठेवला. दोन्ही वेळा उन्हाळा निघाला आणि श्रावणात कुरकुर सुरू! (आम्ही चिपळूणला, भिंतीसुद्धा घामेजतात.) तिसऱ्यांदा सुताराला बोलावलं, त्याने दोन खिळे ठोकले आणि पायाला चीर पाडून ठेवली. सासूबाई दुसऱ्या खुर्चीत बसायला तयार नाहीत. कुठला गोंद आणू?

चिकटपट्टी:
सरळ अ‍ॅराल्डाइट, म्हणजे इपॉक्सी. दोन ट्यूब सारख्या मिसळायच्या, भरायचं, विषय संपला. दगड होतो.

जुनारंधा:
दगड होतो हे खरं, पण पुढच्या वेळी तो सांधा उघडायचा झाला तर करवत घ्यावी लागेल. व्हायोलिन दुरुस्त करणारे आजही सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांचा गोंदच लावतात, ते उगाच नाही. उष्णता आणि ओल दिली की सांधा सुटतो, लाकूड शाबूत राहतं.

ताई, तीनदा सुटला म्हणजे गोंदाला दोष देऊ नका. तुम्ही 'ओतला' म्हणालात, घोळ तिथेच आहे. वाळलेल्या गोंदावर नवा गोंद धरत नाही, त्याला उघडं लाकूड लागतं. पट्टी पूर्ण बाहेर काढा. कुसवावर, म्हणजे पट्टीच्या भोकात बसणाऱ्या टोकावर, गरम व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं पंधरा मिनिटं गुंडाळून ठेवा. पांढरा गोंद दुधाळ, लिबलिबीत होईल, तो पटाशीच्या धारेने खरवडा. लाकूड कापायचं नाही, नाहीतर कुसू बारीक होईल. खाली तपकिरी, काचेसारखा थर लागला तर तो जुना सरस, गरम पाण्याने निघतो. मग ओल्या फडक्याने पुसून दोन दिवस वाळू द्या.

आता गोंद न लावता बसवून बघा. हाताने दाबल्यावर जाईल इतपत घट्ट हवं. खुळखुळलं तर कुसवावर रंध्याचा पातळ पापुद्रा चिकटवा, कारण पांढऱ्या गोंदाला पोकळी भरता येत नाही. इपॉक्सीला येते, एवढ्यापुरतं चिकटपट्टींचं बरोबर.

सागात तेल असतं. लावण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसा आणि वाळताच लगेच गोंद लावा, उद्यावर टाकू नका. गोंद पांढराच घ्या, पण पाण्यात टिकणारा, दुकानात 'मरीन' म्हणून मागा. कुसू आणि भोक, दोन्हींना लावा.

पागोळी:
काढलं! कुसवाच्या एका बाजूला माझेच दोन थर, नखाने सोलता आले, दुधावरच्या सायीसारखे. खाली खरोखर तपकिरी निघालं. एक खिळा मात्र आत मोडून राहिलाय. आणि सांधा दाबून धरायला शिकंजा नाही हो माझ्याकडे.

जुनारंधा:
खिळा कुसवात असेल तर बारीक ड्रिलने आजूबाजूला पोखरून पक्कडीने ओढा. पायात असेल आणि भोकात डोकावत नसेल तर राहू द्या. पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. खिळा मध्ये अडून बसला की चीर पडते. त्या चिरेत गोंद बोटाने चोळून आत जिरवा.

शिकंजा कशाला? सुतळीचे चार वेढे खुर्चीच्या पायांभोवती घ्या, मध्ये लाटणं अडकवा आणि पीळ द्या. सांध्यातून गोंदाचे मणी दिसले की थांबा, लाटणं पट्टीला बांधून टाका. फार पिळलंत तर सगळा गोंद बाहेर येऊन सांधा कोरडा पडेल. बाहेर आलेला लगेच ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर तिथे पॉलिश बसत नाही, पांढरट डाग राहतो. आणि चारही पाय जमिनीला टेकतात ना, ते गोंद ओला असतानाच बघा.

चिकटपट्टी:
लाटणं! पोळ्यांचं काय?

पागोळी:
आज भात. खुर्ची माजघरात बांधून ठेवलीय, चोवीस तास. सासूबाई पाटावर बसून लाटण्याकडे बघतायत.