दुसरीच्या मुलांना जर्मन: हौस की ओझं?

घोडबंदरची आई
लेकीच्या शाळेने (नाव नको) यंदा दुसरीपासून जर्मन सुरू केलंय. आठवड्याला दोन तास, फी वेगळी. पालकसभेत सांगितलं, 'लहानपणी भाषा पटकन येते.' घरी मराठी, वर्गात इंग्रजी, खाली खेळताना हिंदी आणि आता ही चौथी. परवा 'आप्फेल, आप्फेल' (म्हणजे सफरचंद) घोकत होती आणि फळवाल्याकडे सीताफळ बघून म्हणाली, "आई, कस्टर्ड ॲपल घे." मला काही हे पटत नाहीये.

नेरुळकर
अहो, शिकू द्या! मराठी पोरांना जर्मन सोपी जाते. त्यांचं डेर-डी-डास म्हणजे आपलं तो-ती-ते. मुलगी, म्हणजे 'मेडशेन', नपुंसकलिंगी हे ऐकून इंग्रजीवाले चक्रावतात. आपण 'ते पोरगं' रोज म्हणतो. 'त्साइट'मधला 'त्स' हा चाकातला 'च'. आणि 21 ला ते 'एक-आणि-वीस' म्हणतात, म्हणजे आपलं एकवीसच की!

पाटीपेन्सिल
@नेरुळकर, एकवीस येणाऱ्या पोरांचं ठीक आहे हो. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! इंग्रजी माध्यमातल्या किती मुलांना एकोणसत्तर म्हणजे किती ते कळतं? तुमचा फायदा घरची मराठी पक्की असेल तरच.

मी तीस वर्षं प्राथमिकला शिकवलं. 'लहानपणी पटकन येते' हे अर्धंच खरं. दिवसभर कानावर पडली तर येते. पस्तीस मिनिटांचे दोन तास, वर्षाचे पस्तीस आठवडे धरा: जेमतेम चाळीस तास होतात, त्यातून गॅदरिंगची तयारी वजा करा. बार्सिलोनात शाळेतल्या मुलांच्या इंग्रजीचा अभ्यास झाला होता. दोघांना सारखेच तास मिळाल्यावर अकराव्या वर्षी सुरुवात केलेली मुलं आठव्या वर्षी सुरू केलेल्यांच्या पुढे निघाली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही परदेशी भाषा माध्यमिक स्तरावर आहेत, दुसरीत नाहीत.

नेरुळकर
आणि उच्चार? ते मोठेपणी नाही बसत.

पाटीपेन्सिल
शिकवणाऱ्याचे बसलेले असतील तर मुलांचे बसतील.

जर्मनची_ताई
शिकवणारी मीच, वाशीत दोन शाळांमध्ये. मुलं जाम मजा करतात, ओझं वगैरे काही नाही. पण पाटीपेन्सिल काकांचा चिमटा मान्य. आमच्यापैकी बऱ्याच जणी तासावर पैसे घेतात, वर्षाच्या मध्येच सोडतात. नवीन ताई आली की पुन्हा 'गुटन मॉर्गन'पासून. माझ्याकडे चौथीत आलेल्या मुलांना रंग आणि आकडे तीनदा शिकवून झाले होते, वाक्य एकही नाही.

खाडीकाठचा
आमच्या कोपरखैरणे गावातली पोरं घरी आगरी बोलतात आणि वर्गात 'अशुद्ध' ठरतात म्हणून गप्प बसतात. चौथी भाषा हवी तर ती घ्या, फीपण नाही 😄

नेरुळकर
आगरीवर जर्मनीत नोकरी मिळेल का?

खाडीकाठचा
सात वर्षांच्या पोरीला नोकरी कशाला, दादा?

घोडबंदरची आई
शाळेत विचारून आले. जर्मन सोडता येत नाही, पण परीक्षाही नाही. घरी आल्यावर लेकीलाच विचारलं, बंद झालं तर चालेल का? "नको ना! जर्मनला टीचर गाणी घेतात, उड्या मारायला सांगतात." आणि मराठीच्या तासाला? "फळ्यावरचं उतरवून घेतो."