मदत हवी आहे: कोटॉरमधली सनरीची केस, सोडवू की अडकवू? (स्पॉयलर आहेत)

नमस्कार मंडळी,

स्टार वॉर्सचा नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक (म्हणजेच कोटॉर), तोच २००३ चा बायोवेअरवाला, सध्या मोबाईलवर खेळतोय, लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर. मनानवर येऊन पार अडकलोय. म्हणजे गेम अडकला नाहीये, मीच अडकलोय.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मनान हा पाण्याचा ग्रह, कोल्टो नावाचं औषध फक्त तिथे मिळतं म्हणून रिपब्लिक आणि सिथ हे एकमेकांशी लढणारे दोघंही तिथे गपगुमान राहतात. तिथे सनरी नावाचा म्हातारा युद्धवीर खुनाच्या आरोपात आत आहे, मेलेली बाई एलासा, हॉटेलच्या खोलीत. सनरी आपल्या पार्टीतल्या, म्हणजे सोबत लढणाऱ्या टोळीतल्या, जोली बिंडोचा जुना दोस्त, त्याची बायको रडत येते, मग आपणच त्याचे वकील. पाच सेल्काथ (तिथले स्थानिक लोक) जज्ज समोर.

मी सगळीकडे फिरलो. सनरीचं पदक एलासाच्या हातात सापडलं होतं, तर ते ग्लूपॉर नावाच्या रोडियनने (एक परग्रही जमात) सिथकडून पैसे घेऊन तिथे ठेवलं होतं. म्हटलं झालं, केस खिशात! नंतर उगाच हात शिवशिवले आणि स्पाइक (कॉम्प्युटर हॅक करायची वस्तू) वापरून रिपब्लिकच्या एम्बसीचा कॉम्प्युटर फोडला, तर त्यात रेकॉर्डिंग, सनरीनेच तिला झोपेत गोळी घातलीय आणि रिपब्लिकने ते दाबून ठेवलंय. म्हणजे पुरावा खोटा पण आरोप खरा.

आता प्रश्न:
हे रेकॉर्डिंग कोर्टात दिलं तर मी माझ्याच अशिलाला लटकवणार ना? मग त्यासाठी वेगळा सरकारी वकिलाचा रोल मिळतो का, की त्याच खुर्चीतून?
जोली रुसून पार्टी सोडतो का? लेव्हल वाढवायला जीव काढलाय त्याच्यावर.
एस अटर्नी या वकिलीच्या गेममध्ये असला ताप नव्हता, तिथे चुकीचा पुरावा दाखवला की पेनल्टी, बरोबर दाखवला की पुढे, कोर्टात बाजू आपली कायम बचावाची. त्यातला सरकारी वकील एजवर्थ हीरो असलेला २००९ चा भाग घेतला तर त्यात कोर्टच नाही, नुसता तपास!

प्रतिसाद १
वेगळा रोल नाही, त्याच खुर्चीतून दोन्ही. कोर्टात शिरायच्या आधी सेव्ह मार आणि वेगळ्या स्लॉटमध्ये मार, ऑटोसेव्हच्या भरवशावर राहू नकोस. मी दोन्ही करून बघितलंय, जोली दोन्ही वेळा पार्टीतच होता. सोडवायचा असेल तर ग्लूपॉर आणि पदक यावर जोर दे, एलासा सिथची होती हेही लावून धर. रेकॉर्डिंगबद्दल तोंड उघडू नकोस, एवढंच.

प्रतिसाद २
मी क्रिमिनल साइडला प्रॅक्टिस करतो म्हणून राहवलं नाही. आपल्याकडे बार कौन्सिलचा नियमच आहे की आरोपी दोषी आहे असं वकिलाचं स्वतःचं मत असलं तरी त्याने बचाव करायचा, कारण पुरेशा पुराव्याशिवाय कुणाला शिक्षा होऊ नये ही कायद्याची अट. आणि आरोपी निर्दोष ठरू शकेल असा पुरावा दाबायचा नाही, हे बंधन सरकारी बाजूवर. तुमच्या केसमध्ये पदक दुसऱ्यानेच ठेवलंय, म्हणजे बनावट पुरावा उघडा पाडणं हे तुमचं काम. रेकॉर्डिंग आणून देणं हे नाही. स्वतःच्या अशिलाविरुद्ध पुरावा घेऊन उभा राहिलेला वकील मी तरी बघितला नाही, आमच्याकडे सनद जाईल!

प्रतिसाद ३
वकीलसाहेब, पण मेलेल्या बाईचं काय? झोपेत गोळी घातलीय हो. ती सिथ होती म्हणून सगळे तिला विसरताहेत, गेमसकट.

धागाकर्ता
धन्यवाद सगळ्यांना. काल ठाणे ते दादर दोन्ही केलं. आधी सोडवला, छान वाटलं, मग सनरीच्या बायकोचे आभार ऐकताना कसंतरी व्हायला लागलं. परत लोड करून रेकॉर्डिंग दिलं, जज्जांनी दोषी ठरवला, तर जोलीशी बोलायची हिंमत होईना. दोन स्लॉट तसेच ठेवलेत. कुठल्यावर पुढे जायचं ते अजून ठरलं नाही, तोवर समुद्राखालच्या ह्राकर्ट स्टेशनमधून बाहेर पाण्यात जायला अंडरवॉटर सूट कुठे मिळतो ते सांगा कुणीतरी.