जर्मनीत घर विकल्यावर खात्यात एकदम मोठी रक्कम येणार: ठेव विमा किती आणि कसा?

इसारकाठ
नमस्कार मंडळी. म्युनिकमधलं राहतं घर विकलं आहे. पुढच्या महिन्यात ३ लाख ६० हजार युरो माझ्या आणि बायकोच्या संयुक्त खात्यात जमा होतील. त्याच बँकेत माझ्या एकट्याच्या नावावर ७० हजारांची मुदत ठेव आहे. बाकी थोडे पैसे लिथुआनियाचा परवाना असलेल्या अ‍ॅपवाल्या बँकेत आहेत, पण खात्याचा आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) जर्मनीच्या 'डीई'नेच सुरू होतो. एक लाख युरोपर्यंत विमा असतो एवढं ठाऊक आहे. पण तो खात्यामागे की माणसामागे? घराचे पैसे येतील तेव्हा काय? आणि पुढच्या वर्षी पुण्याला परत गेलो तर हे संरक्षण जातं का?

ताळेबंद
विमा माणसामागे आणि बँकेमागे. खाती कितीही असोत, एका बँकेतली तुमची सगळी शिल्लक एकत्र धरतात आणि १ लाखाला रेघ मारतात. २०१४ च्या युरोपीय ठेव हमी निर्देशाने ही मर्यादा सगळ्या सदस्य देशांत सारखी आहे.

आपली माणसं नेमकी इथे फसतात, कारण भारतातला हिशेब डोक्यात असतो. आपल्याकडे ५ लाख रुपयांचा विमा एकट्याच्या खात्याला वेगळा आणि संयुक्त खात्याला वेगळा मिळतो, नावांचा क्रम बदलला तरी वेगळा मिळतो. युरोपात तसं नाही. संयुक्त खात्याचे समान वाटे पाडतात आणि प्रत्येकाचा वाटा त्याच्या स्वतःच्या खात्यांत मिळवतात. म्हणजे तुमचे १ लाख ८० हजार अधिक ७० हजार, एकूण अडीच लाख. नेहमीच्या नियमाने त्यातले दीड लाख उघडे. बायकोचे १ लाख ८० हजार, त्यातले ८० हजार उघडे.

तुमच्या बाबतीत मात्र तात्पुरत्या मोठ्या शिलकीची तरतूद लागू होते. खाजगी वापरातल्या राहत्या घराच्या विक्रीतून आलेली रक्कम जर्मन कायद्याने ५ लाख युरोपर्यंत संरक्षित असते, पैसे जमा झाल्यापासून सहा महिने. घटस्फोट, निवृत्ती, नोकरीवरून कमी केल्याची भरपाई, वारसा यांनाही ही सवलत आहे. मुदत देशागणिक बदलते. निर्देश तीन ते बारा महिन्यांची मुभा देतो, फ्रान्सने तीनच महिने ठेवले आहेत.

दोन गोष्टी सांभाळा. १ लाखापर्यंतची भरपाई अर्ज न करता मिळते, पण या वाढीव रकमेसाठी तुम्हाला स्वतः मागणी करून पुरावा द्यावा लागतो. खरेदीखताची प्रत आणि रक्कम जमा झाल्याचा उतारा एकाच फाइलमध्ये ठेवा. आणि सहा महिने संपण्याच्या दोन-तीन आठवडे आधी पैसे वेगवेगळ्या बँकांत पांगवा. मुदत टळली की तुम्ही पुन्हा १ लाखावर.

पांगवताना प्रत्येक बँकेत बरोब्बर १ लाख ठेवू नका. साठलेलं व्याजही त्याच मर्यादेत मोजतात. १ लाखाची वर्षाची ठेव ३ टक्क्यांनी ठेवली आणि शेवटच्या आठवड्यात बँक बुडाली, तर जवळजवळ ३ हजारांचं व्याज विम्याबाहेर. मी ९६ हजारांच्या वर जायला सांगणार नाही.

नियमवही
आयबॅनबद्दल. खात्याचा क्रमांक कुठल्या देशाचा आहे याचा विम्याशी काही संबंध नाही. परवाना ज्या देशाचा, विमा त्या देशाचा. लिथुआनियाची बँक जर्मनीत नुसती शाखा उघडून 'डीई' आयबॅन देत असेल, तर पैसे लिथुआनियाच्या ठेव हमीकडून येणार. उलट परदेशी गटाची जर्मनीत स्वतंत्र कंपनी असेल तर विमा जर्मन. आयएनजी मूळची डच, पण जर्मनीतली आयएनजी-डिबा एजी ही जर्मन परवान्याची बँक आहे. संकेतस्थळाच्या तळाशी इम्प्रेसुम, म्हणजे कंपनीची कायदेशीर माहिती, असतं, तिथे कंपनीचं पूर्ण नाव वाचा. एजी (जर्मन कंपनी), युएबी (लिथुआनियाची कंपनी), की पुढे 'त्स्वाइगनीडरलासुंग', म्हणजे शाखा? बँक वर्षातून एकदा ठेवीदार माहितीपत्रक पाठवते, त्यात पहिल्याच ओळीत हमी योजनेचं नाव असतं. बहुतेक जण ते न उघडता सोडून देतात.

याचं खरं उदाहरण म्हणजे स्बरबँक युरोप. मुख्यालय व्हिएन्नात, ठेवीदार मात्र बहुतेक जर्मनीतले. १ मार्च २०२२ ला ऑस्ट्रियाच्या नियामकाने व्यवहार बंद केले आणि भरपाईचा भार ऑस्ट्रियाच्या ठेव हमीवर आला.

एकाच परवान्यावर दोन-तीन ब्रँड चालत असतील तर तेही पाहा. ब्रँड दोन असले तरी मर्यादा एकच.

संपूर्ण युरोपची एक सामायिक ठेव हमी असावी हा प्रस्ताव नोव्हेंबर २०१५ मध्ये आला, पण तो कायदा होऊ शकला नाही. बँकांवरची देखरेख एकत्र, ठेव हमीची ठिगळं मात्र देशोदेशीची, आणि सामान्य ठेवीदाराने हे इम्प्रेसुम वाचून ओळखायचं. माझ्या मते युरोपीय बँकिंग संघातली (बँकांसाठीच्या सामायिक युरोपीय व्यवस्थेतली) ही सगळ्यात मोठी उणीव आहे.

भारतात परत गेल्याने हक्क जात नाही. राष्ट्रीयत्व किंवा राहण्याचं ठिकाण पाहत नाहीत. अडचण पत्त्याची होते. हमी योजना बँकेच्या नोंदीवरून पत्र पाठवते, ते जुन्या फ्लॅटच्या पेटीत पडतं. नियमाने ७ कामकाजी दिवसांत पैसे द्यायचे असतात, पण कुठे पाठवायचे हे त्यांना कळलंच नाही तर तो वेग उपयोगाचा नाही. निघण्याआधी पत्ता बदला.

इसारकाठ
दोघांचे आभार, हिशेब पार उलगडला. अजून एक. सायप्रसमध्ये ठेवीदारांचे पैसे कापले होते ना? तसं पुन्हा होऊ शकतं का?

तारणपत्र
मार्च २०१३ मध्ये विमाछत्राखालच्या ठेवींवरही ६.७५ टक्के कर लावायचा पहिला प्रस्ताव होता. संसदेने तो फेटाळला. शेवटी बँक ऑफ सायप्रसमध्ये १ लाखाच्या वरच्या ठेवींतले ४७.५ टक्के शेअरमध्ये बदलले. १ लाखाच्या आतले वाचले.

त्यानंतर बेल-इनचा, म्हणजे बुडत्या बँकेचा तोटा तिच्याच गुंतवणूकदारांनी आणि देणेकऱ्यांनी सोसण्याचा, क्रम कायद्यात आला आणि २०१६ पासून तो लागू आहे. आधी भागधारकांचं भांडवल जातं, मग एटी१ रोखे (बँकेचे सगळ्यात जोखमीचे रोखे), मग टियर २ (त्यांच्या खालोखाल जोखमीचे), मग इतर गौण कर्ज (परतफेडीत मागे ठेवलेलं), मग साधे विनातारण रोखे. व्यक्तींच्या आणि लघुउद्योगांच्या १ लाखाच्या वरच्या ठेवींचा नंबर त्याच्याही नंतर. विमाछत्राखालची ठेव कापायची नाही, तिच्या जागी हमी योजना भार उचलते. ७ जून २०१७ ला बँको पोप्युलार १ युरोला सांतांदेरला विकली. शेअर, एटी१ आणि टियर २ वाले पुसले गेले, ठेवीदारांना सकाळी खातं जसंच्या तसं मिळालं.

म्हणून बँकेच्या काउंटरवर 'जास्त व्याजाचा सुरक्षित रोखा' म्हणून काही पुढे केलं, तर तो गौण आहे का एवढं आधी विचारा. तो ठेव नव्हे.

ब्रेमेनच्या ग्रीनसिल बँकेतही भेद विमा आहे की नाही, याच रेषेवर पडला. ३ मार्च २०२१ ला बाफिनने, म्हणजे जर्मनीच्या वित्तीय नियामकाने, व्यवहार गोठवले, १६ मार्चला भरपाईची घोषणा झाली. खाजगी ठेवीदारांना पैसे मिळाले. जास्त व्याजासाठी पैसे ठेवलेल्या नगरपालिकांना विमा नव्हता, त्या अडकल्या.

ताळेबंद
पुरवणी: जर्मन खाजगी बँकांचा आपापसातला ऐच्छिक निधी १ लाखाच्या वरही संरक्षण देतो, व्यक्तीला २०२५ पासून ३० लाख युरोपर्यंत, २०३० पासून १० लाखांपर्यंत. शिवाय बँकेच्या स्वनिधीच्या (स्वतःच्या भांडवलाच्या) प्रमाणातली मर्यादाही आहे. तुमची बँक सदस्य आहे का ते तपासा. सदस्य नसलेल्या बऱ्याच आहेत.

नियमवही
आणि वाइजसारख्या पैसे पाठवण्याच्या अ‍ॅपमध्ये घराची रक्कम मुक्कामाला ठेवू नका. तिथे ग्राहकांचे पैसे वेगळे राखून ठेवतात, पण ती ठेव नाही, म्हणून ठेव विमाही नाही. ब्रोकरकडचे पैसे मनी मार्केट फंडात (अल्पमुदतीच्या रोख्यांच्या फंडात) गेले असतील तर तेच. गुंतवणूकदार भरपाई योजना जर्मनीत ९० टक्के आणि कमाल २० हजार युरो देते, तेही ब्रोकर तुमची मालमत्ता परत करू शकला नाही तरच. बाजार पडल्याचं नुकसान त्यात येत नाही. पुण्याला पाठवायची रक्कम पाठवायच्या दिवशीच त्या अ‍ॅपमध्ये भरा.